व्हय म्हाराजा

शब्द तोंडातून निघून गेले आणि मगच तुळसाला कळलं, की ते आपलेच होते. "व्हय म्हाराजा!" चांगले खणखणीत, देवळाच्या सभामंडपात निघावेत तसे. आणि खोली कसली, तर खिडक्यांना काळे पडदे, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, खाटेच्या पायांखाली गोणपाट, पाण्याच्या तांब्यावर झाकणी नाही, फडकं. कारण झाकणी वाजते. बाहेर भर सकाळचं ऊन होतं आणि आत तिन्हीसांज. खाटेवर सत्यवान होता, किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्यांतला जवान मुलगा. होडीच्या फळीतला गंजका खिळा पायात गेला, त्यावर चुना लावून गडी पुन्हा पाण्यात उतरला आणि मग एका सकाळी त्याचं तोंडच उघडेना. धनुर्वात. डॉक्टर सांगून गेले होते, औषध दिलंय, आता पुढचे काही दिवस याला कशाचा म्हणून धक्का बसता कामा नये. उजेडाचा नाही, हाताचा नाही, आवाजाचा तर मुळीच नाही. तेवढं सांभाळलंत तर पोरगा वाचेल. ते सांभाळायला शिकाऊ नर्सांतली सर्वांत शांत, सर्वांत पक्की मुलगी मेट्रनबाईंनी निवडून बसवली होती. आणि त्या पक्क्या मुलीने देवाला ओ दिली होती.

आवाज भिंतींवरून परत यायच्या आतच सत्यवानाचं अंग उचललं गेलं. टाचा आणि डोकं एवढंच गादीला टेकलेलं, मधला सगळा माणूस अधांतरी. तुळसाने हे पुस्तकात वाचलं होतं, चित्रही पाहिलं होतं. चित्रातल्या माणसाला डोळे रेखाटलेले नव्हते. सत्यवानाचे उघडे होते आणि ते तिच्याकडे बघत होते. या रोगात शुद्ध जात नाही, माणसाला सगळं कळत असतं, हेही तिने परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. त्याच्या ओठांचे कोपरे मागे ओढले गेलेले, दात दिसत होते, अगदी हसतोय असं वाटावं. तिचा हात आपोआप आपल्या तोंडाकडे गेला. आणि देवा, तिच्या बोटांना लागलं की तीही हसतेय! शिकवलेलं हसू, रुग्णापुढे ठेवायचं ते सौम्य, धीराचं हसू, सकाळी खोलीत शिरताना लावलं होतं ते तसंच्या तसं तिथे होतं. पोरगा तिच्या डोळ्यांदेखत मोडत होता आणि तिचा चेहरा काही झालंच नाही असा बसला होता. तिला ते हसू काढता येईना. घाईघाईने तिने पदरानेच पुसून काढलं.

मेट्रनबाई कापडी बुटांनी धावत आल्या, इंजेक्शन दिलं, खाटेजवळ श्वास धरून उभ्या राहिल्या. अंग हळूहळू गादीवर उतरलं. श्वास चालू होता. बाईंनी दोघींना खुणेने बाहेर व्हरांड्यात घेतलं आणि दात ओठ खात, पण कुजबुजत विचारलं, "कोण ओरडलं?"

दोघी म्हणजे तुळसा आणि सत्यवानाची आई. आईचं नाव नर्मदा, पण दवाखान्यात तिला सगळे आयेच म्हणत. सुकलेली, काळीसावळी बाई, कोपऱ्यात जमिनीवर इतकी गप्प बसायची की बाईंनी नियम मोडून तिला आत राहू दिलं होतं. तुळसाने तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्यातून काही यायच्या आत आये म्हणाली, "मी बाये. माजाच तोंड सुटला."

"झालं समाधान?" बाई म्हणाल्या. "पोराच्या जिवावर उठलात. आता इथेच बसायचं, आत पाऊल टाकायचं नाही." आयेने मान हलवली आणि तिथेच खांबाला टेकून खाली बसली. तुळसाकडे तिने एकदा पाहिलं, त्यात रागाचा लवलेशही नव्हता. उलट काहीतरी भलं झाल्यासारखं बघत होती. ते तुळसाला रागापेक्षा जड गेलं. आत जाऊन ती पुन्हा स्टुलावर बसली, सत्यवानाचा श्वास मोजू लागली आणि मोजता मोजता तिला भलतंच आठवू लागलं.

झालं तरी कसं हे? आये पुटपुटत होती एवढं तिला ठाऊक होतं. सकाळपासून पुटपुटत होती, ओठांतल्या ओठांत, आवाज असा नव्हताच. तुळसा ऐकत नव्हती. तिच्या डोक्यात संध्याकाळचं प्रात्यक्षिक होतं, तपासणीचे साहेब बाहेरगावाहून येणार होते, बाईंनी सांगितलं होतं की आपल्याकडच्या मुली रुग्णाशी कशा बोलतात ते तूच करून दाखवायचं. त्या कुजबुजीला एक लय होती. बारा गावच्या देवा म्हाराजा, ह्या लेकराची जी काय इडापिडा आसात ती भायर काढ, असं करत करत ती कुठेशी चढत होती आणि मग "...रे म्हाराजा" म्हणून थांबत होती. त्या थांबण्यातच सगळी गोम! फोंडाघाटाच्या पायथ्याच्या ज्या वाडीत तुळसा वाढली तिथे ते थांबणं कुणी रिकामं सोडत नाही. तिचा बापूस दत्ताराम गावचं गाऱ्हाणं घालायचा. पेरणी असो, लग्न असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, नारळ पुढे ठेवून बापूस देवाशी बोलायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली सगळी माणसं एका तोंडाने "व्हय म्हाराजा!" करायची. पोरांची तर पैजच लागे, कोण मोठ्याने ओरडतो त्याची. लक्ष सगळं प्रसादाच्या अर्ध्या नारळावर, कवडीवर. बापूस काय मागतोय, कुणासाठी मागतोय, ऐकतो कोण! शब्द संपला, श्वास घेतला, की ओरडायचं. तुळसाचा आवाज सगळ्यांत मोठा. "दत्तारामाच्या चेडवाक बरोबर कळता खंय ओ देवची ती," असं बायाबापड्या कौतुकाने म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. तिला नेमकं कळायचं कुठे. का, ते कधीच कळलं नव्हतं.

आणि मग तिला तो तास आठवला. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती इथे शिकायला आली, मालवणच्या अलीकडे समुद्रालगत मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून बांधलेल्या या दवाखान्यात. शरीरशास्त्र, मलमपट्टी, बाळंतपण हे सगळं होतंच, पण मेट्रनबाईंचा खरा जीव एका वेगळ्या तासावर. पुण्याहून शिकून आलेल्या होत्या. रुग्णाचं दुःख ओळखायचं, त्याला धीर द्यायचा, हे सुई टोचण्यासारखंच शिकावं लागतं, असं त्या म्हणत, आणि काही खोटं म्हणत नव्हत्या. एक मुलगी रुग्ण होऊन खाटेवर निजायची, दुसरी नर्स होऊन उशाशी बसायची. मान जराशी कललेली हवी. हात मनगटावर, दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. ती बोलेल ते बोलू द्यायचं आणि ती थांबली की हळूच म्हणायचं, "हो, कळतंय मला." इतर मुली फिसकन हसायच्या नाहीतर मध्येच बोलून बसायच्या. सावंतवाडीची सुशीला तर एकदा खाटेवरची मुलगी विधवेचं सोंग करत असताना खरोखरच हुंदके देऊन रडली. "सुशीला, तू रडत बसलीस तर तिचा ताप कोण बघणार?" बाईंनी विचारलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. तुळसाही. मग तुळसाची पाळी आली आणि तिने असं काही "कळतंय मला" म्हटलं, प्रत्येक वेळी नेमक्या जागी, की बाईंनी चष्मा काढून पुसला. "हिला म्हणतात नर्स. भावना आहे आणि ताबाही आहे."

ताबा! काळ्या पडद्यांच्या आत तुळसाला घाम फुटला. खाटेवरच्या मुलीने त्या दिवशी कसलं दुःख सांगितलं होतं? नवरा मेला होता की मूल? तिला आठवेना. मघाचा "व्हय म्हाराजा" आणि तेव्हाचं "कळतंय मला" एकाच जागेतून आलेले होते, वाक्य संपतं त्या जागेतून. ती आयुष्यभर फक्त वाक्याचा शेवट ऐकत आली होती. नाही, आणखीही काहीतरी होतं, ते तिच्या मागे उभं होतं आणि तिला वळून बघायचं नव्हतं. तरी ते आलंच. घरची ओटी, माजघराच्या उंबऱ्याशी नारळ, आत आई तापाने फणफणलेली, तिच्याजवळ नुकतंच झालेलं आणि न राहिलेलं बाळ. बापूस गाऱ्हाणं घालतोय. आवाज त्याचा नेहमीसारखा नाही, फाटतोय, मध्येच अडतोय. आणि शेजारपाजारच्या माणसांत तुळसा उभी, सगळ्यांच्या वर तिचा आवाज, "व्हय म्हाराजा!" बापूस काय म्हणाला होता? त्याने देवाकडे काय मागितलं होतं त्या दिवशी? तुळसाने डोळे घट्ट मिटले. नारळाची ओली कवड आठवली. थोरल्या भावाला मोठी कवड मिळाली आणि आपण रुसलो तेही आठवलं. बापसाचा एक शब्द आठवला नाही. दुसऱ्या दिवशी आई गेली तेव्हा बाया म्हणाल्या, चेडू घट आसा हो, टिपूस काढूक नाय. त्या घट्टपणावरच पुढे ती शिकली, निवड झाली, इथवर आली. मग तो घट्टपणा नव्हताच की काय? नुसती गैरहजेरी होती?

दुपारी सुशीला बदलीवर आली तेव्हा तुळसा व्हरांड्यात आली. आये तशीच खांबाला टेकून. पुढ्यात पेजेचा वाडगा, वर साय धरलेली, बाजूला खाऱ्या बांगड्याचा तुकडा. माशा बसत होत्या.

"आये, जेवूक नाय?"

"माका आता कित्याक गो?" आये हसली. पुढचे दोन दात नव्हते. "बस. तुका सांगूचा होता. माजा बरा केलंस तू."

"मी? आये, माझ्यामुळे त्याका..."

"एकट्याचा गाऱ्हाणा देवाक पोचना नाय. ओ देणारो होयो. त्येचो बापूस दर्यात गेलो तेव्हापासून माज्या घरात ओ देवक कोण आसा? सकाळपासून घालीत होतंय, घालीत होतंय, सगळा रिकामा जाय होता. आणि तू दिलंस. देवान तोंड दिल्यासारखा दिलंस." तिने तुळसाचा हात धरला. "म्हणान बायेक म्हटलंय, माजा तोंड सुटला. तुका ती घालवन देयत, आणि ओ दिल्ल्या माणसाक घालवूचा नसता."

विचारू नये असं तुळसाला फार वाटत होतं. "काय मागितलंस तू?"

आयेने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "आयकलंस मां? आयकलंस म्हणान तर व्हय म्हटलंस." मग जरा लाजल्यासारखी, पदराचं टोक चाळवत म्हणाली, "ह्येका ठेव, माका ने. तेवढाच. दुसरा काय मागतलंय?"

म्हणजे ही बाई हे मागत होती, तिच्या हाताच्या अंतरावर बसून, सगळी सकाळभर! आणि तिने काय केलं होतं? न्या हिला, म्हटलं होतं. खणखणीत आवाजात, साहेबांपुढे मान किती कलती ठेवायची याचा विचार करत करत. आये पुढे बोलतच होती, अगदी बाजारात निघालेल्या बाईने शेजारणीला घर सोपवावं तशी. सत्यवान उठलो की त्येका सांग, शेळी गाभण आसा, विकू नको. बाबलीची थोरली त्येच्या मनात आसा, माका ठावक आसा, माजी हरकत नाय. चुलीच्या वरच्या फडताळात त्येच्या बापसाची बंडी आसा ती आता त्येका होयत. तुळसाची मान आपोआप कलली. हात आयेच्या मनगटावर गेला. आणि आये श्वास घ्यायला थांबली त्या जागी तिच्या जिभेवर आलं, हो, कळतंय मला. तिने ओठ असे चावले की रक्ताची चव आली. सांगून टाकावं, आये, मी ऐकलंच नव्हतं! पण समोरचा चेहरा इतका निवांत होता, पोर जन्मल्यावर बाळंतिणीचा असतो तसा. तो निवांतपणा आपल्या एका न ऐकलेल्या होकारावर उभा आहे, आणि तो काढून घेतला तर खाली काय आहे? तुळसाची छाती झाली नाही. ती उठली आणि तडक मेट्रनबाईंच्या खोलीत गेली.

"बाई, सकाळी मी ओरडले. ती नाही."

बाईंच्या हातात टाक होता, तो तसाच राहिला. "तू? तू ओरडलीस?" त्यांना राग येण्याआधी आश्चर्यच इतकं झालं की त्या खुर्चीत मागे टेकल्या. "का?"

काय सांगणार? पुण्याकडच्या बाईला ते समजावायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. "सवयीने," तुळसा म्हणाली. "तिला आत बसू द्या, बाई. मला काढा." बाईंनी टाक खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुझं काय करायचं ते साहेब जाऊ देत, मग बघू. आता तिला आत पाठव. आणि तू माझ्या नजरेसमोर येऊ नकोस." त्यांच्या आवाजात काहीतरी तुटलं होतं. त्यांना तुळसा फार आवडत होती.

आये आत गेली. जाताना वाडगा तुळसाच्या हातात देऊन गेली, "सांडू नको, कुत्र्याक घाल." तुळसा तिच्याच जागी, त्याच खांबाला टेकून बसली. समोर माडांच्या पलीकडे समुद्र लखलखत होता, ओहोटीच्या वाळूत कुणाची तरी रापण ओढणं चाललं होतं, माणसांचा हेल वाऱ्याबरोबर येत होता आणि मध्येच तुटत होता. दाराआड काहीही ऐकू येत नव्हतं. तिने कान असे लावले, जसे आयुष्यात कधी लावले नव्हते. आत एक पोरगा श्वास घेतोय, एक बाई आनंदाने मरायची वाट बघतेय, आणि कोपऱ्यात सुशीला असेल. सुशीलाला तिथे बसवायला बाई नाखूष होत्या, पण रडली तरी ती आवाज न करता रडेल एवढी खात्री होती. देवा, तो वाचू दे, तुळसा मनात म्हणाली आणि पुढे काय म्हणावं ते तिला सुचेना. गाऱ्हाणं घालायला ती कधी शिकलीच नव्हती, नुसती ओ द्यायला शिकली होती. तो वाचू दे आणि हिलाही ठेव, एवढं तरी म्हण, अगं एवढं तरी! पण कुणी व्हय म्हणणारं नव्हतं. माडावर एक कावळा ओरडला आणि तिने झटकन दाराकडे पाहिलं, की हा आवाज आत गेला असेल का.

उन्हं कलता कलता दार उघडलं. आधी डॉक्टर बाहेर आले, तुळसाकडे न बघता म्हणाले, "आवाज नव्हता, उजेड नव्हता, काही नव्हतं. आपोआपच आला झटका. सकाळचं तू मनाला लावून घेऊ नकोस, हे असं होतं," आणि चालू लागले. भले होते डॉक्टर. पण त्यांनी नेमकं त्याच जागी ते वाक्य ठेवलं होतं जिथे तुळसा स्वतः ठेवायची, आणि म्हणून ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तिला फक्त कळलं की सत्यवान गेला. हातातला वाडगा कलंडला, पेज तिच्या पायांवरून फरशीवर पसरली. ती उठली नाही, उठताच येईना. मग आये आली. रडत नव्हती. पदर खांद्यावरून घसरला होता तो सावरलाही नव्हता. ती सरळ तुळसापुढे येऊन उभी राहिली आणि लहान मुलीने विचारावं तसं तिने विचारलं, "तू व्हय म्हटलंस मां गो? मगे?"

शिकवलेली सगळी वाक्यं होती. देवाची मर्जी, धीर धरा, त्याच्या यातना संपल्या. वर्गातल्या फळ्यावर ओळीने लिहिलेली तुळसाला दिसत होती. आयेचा चेहरा वाट बघत होता. मागे दारात सुशीला उभी होती, तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"मी आयकूकच नाय, आये," तुळसा म्हणाली. "तू काय मागतंस ता माका ठावकच नव्हता. म्हाराजा म्हटलंस आणि तोंडातसून गेला. मी आयकूक नाय. मी कोणाचाच कधी आयकूक नाय." तिचा आवाज फाटला, अडला, आणि तो बापसाच्या त्या दिवशीच्या आवाजासारखा होता हे तिला आत्ता कळलं. तिने मान खाली घातली. आता ही मारील, मारू दे. शिव्या घालील, बरं होईल.

रापणीचा हेल आला, गेला. मग आये सांडलेल्या पेजेतच तिच्याशेजारी बसली, तुळसाचं मनगट तिने धरलं, चांगलं दाबून, दुखेल इतकं.

"मगे आता आयक," ती म्हणाली.

आणि तिने हेल काढला. "माज्या सत्यवाना रे... होडयेच्या मांगरात जल्मलंस रे माज्या बाबा... भायर दर्यो खवळललो, बापूस तुजो दर्यात..." दवाखान्यातल्या खाटा उठून बसल्या, मेट्रनबाई दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या, आता आवाजाला कुणाचीच ना नव्हती. आयेची ओळ संपे आणि ती श्वास घ्यायला थांबे. प्रत्येक थांब्यावर तुळसाच्या गळ्यात काहीतरी वर येई, सवयीचं, तयार; ते ती गिळत होती आणि पुढचा शब्द ऐकत होती, आणि त्याच्या पुढचा. मांगरात, होडीच्या त्या खोपटात, अंधार होता. नाळ कापायला सुरी मिळेना. रापणीची सुरी आणली. तुळसाला ती सुरी दिसली, तिच्यावरचे खवले दिसले. कुठूनसं तिच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला पुसायचं सुचत नव्हतं. तिकडे प्रात्यक्षिकाची घंटा झाली, साहेब आले असावेत, कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारली.

"...भायर इलंस तो रडलंसच नाय रे," आये म्हणाली. "सगळ्यांका वाटला, मेल्लोच इलो..." आणि तिचा श्वास संपला. ती थांबली.

तुळसाने तिच्याकडे पाहिलं. "मगे रडलो कसो?" तिने विचारलं.

आये सांगू लागली.